कुमुदताई आणि राईची फळी

कुमुदताई देवस्थळींना घेऊन लग्नाला जाणं हे जोखमीचं काम होतं. सगळे नवरानवरीकडे बघत असायचे तेव्हा त्यांचं लक्ष नवरानवरीच्या खुर्च्यांकडे असायचं. पंगत उठली, जरा पांगापांग झाली, की त्या खुर्चीच्या मागे जाऊन वाकायच्या, पॉलिश पोचलेलं नाही अशी जागा बरोबर शोधायच्या आणि गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायच्या. परत आल्यावर तृप्त चेहऱ्याने सांगायच्या, "सागवान म्हणून दिलंय. रबराचं झाड आहे." लोणावळ्यातल्या एका कार्यालयाचे मालक एकदा मागेच उभे होते. त्यांनी जरा हळू बोलायची विनंती केली. त्यावर ताई तितक्याच आवाजात म्हणाल्या, की रबराच्या झाडाचं लाकूड चांगलं असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त त्याला सागवान म्हणू नका. मालकांनी आम्हाला आइस्क्रीमची आणखी एक फेरी पाठवली. ते का पाठवलं असावं, हे ताईंना घरी येईपर्यंत कळलं नव्हतं.

त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. नोकरी पुण्यात झाली, निवृत्तीनंतर वलवणला धरणाच्या अलीकडे त्यांनी एक छोटं बैठं घर घेतलं आणि एकट्या राहायला लागल्या. गावातले लोक त्यांना लाकूडबाई म्हणत. त्यांना ते नाव आवडायचं. भिंग काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेलं असे, स्वयंपाक करतानासुद्धा. स्कूटरवरून समोरच्या दुकानात दूध आणायला जायचं असलं तरी हेल्मेट घालून, त्याचा पट्टा लावून जायच्या. घरात एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात दिवसरात्र एक दिवा जळत असे. लोणावळ्याच्या दमट हवेत चपलांनाही बुरशी येते, तर त्या कपाटात त्यांचे लाकडाचे नमुने होते: बिस्किटाएवढ्या चपट्या पट्ट्या, प्रत्येकीला भोक पाडून दोऱ्यात ओवलेल्या. पाहुण्यांना गवती चहा मिळायचा. कपाट उघडलं की त्याला मात्र पाहुण्यांनी हात लावायचा नाही.

आणि त्यांचे तीन शब्द होते. स्वतः बघून खात्री झाली की त्या म्हणायच्या "आहे". पुरावा एका बाजूला झुकतोय पण पुरता नाही, तेव्हा "असावं". आणि कुणी नुसतंच काही छातीठोक सांगितलं, तर "असेल बापडं". या तिसऱ्या शब्दाने माणसं दुखावली जायची. पण त्यांच्या तोंडून "आहे" ऐकलं की माणूस निश्चिंत होऊन घरी जायचा, हेही मी पाहिलं आहे.

माझी त्यांची ओळख बाबांच्या मँडोलिनमुळे झाली.

बाबा रेल्वेत गार्ड होते. घाटात गाडीला मागून जोर द्यायला इंजिनं लागतात, त्या कामावर त्यांची बरीच वर्षं गेली. ड्यूटीच्या बाहेर त्यांना एकच नाद, मँडोलिन. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, गणपतीत, कुणाच्या निरोप समारंभात ते वाजवायचे. वाद्य त्यांनी एका वयस्कर वादकाकडून घेतलं होतं आणि त्या गृहस्थांनी सांगितलं होतं, की याची वरची फळी युरोपातल्या स्प्रूसची आहे, इटलीच्या डोंगरातली. स्प्रूस म्हणजे थंडीतलं, सुयांसारख्या पानांचं उंच झाड; व्हायोलिन, गिटार, मँडोलिन यांच्या वरच्या फळ्या त्याच्या असतात. ही इटलीची हकिगत आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली होती. बाबा दोन बोटांनी त्या फळीवर हलकेच थाप मारायचे आणि "ऐका," म्हणायचे.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय हळूहळू सावरला, पण डावा हात तसाच राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने रबराचा चेंडू दिला, पिठाचा गोळा मळायला सांगितला. बाबांनी चेंडू खिडकीत ठेवून दिला. हा माणूस कधी कुणाशी तुसडेपणाने वागला नव्हता, आता तोंड भिंतीकडे करून पडून राहायला लागला. शेवटी त्या मुलीनेच विचारलं, आजोबांना बोटांचं दुसरं काही आवडीचं काम आहे का. मी माळ्यावरून मँडोलिनची पेटी काढली.

पेटी उघडून बघितली. तारा चढवलेल्या तशाच राहिल्या होत्या, त्यात इथली हवा. वरची फळी, तारा टेकतात त्या घोडीखाली, खचली होती आणि मधल्या भोकापासून खालपर्यंत एक भेग गेली होती. तळेगावचे सुधाकर मेस्त्री बाजाच्या पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करतात, त्यांच्याकडे नेलं. ते म्हणाले, सगळी फळी काढून नवीन बसवू, सोपं काम. हे ऐकून बाबा कितीतरी दिवसांनी उठून बसले. नवी फळी घातली तर ते माझं मँडोलिन राहणारच नाही, म्हणाले. मेस्त्री चांगले माणूस. त्यांनी दुसरा मार्ग सांगितला: आहे तीच फळी सांधू, आतून ठिगळं आणि आधाराची पट्टी लावू, पण त्याला त्याच जातीचं, जुनं, पुरतं वाळलेलं लाकूड लागेल. ते कुठलं हे आधी कळू दे. आणि ते कळायचं असेल तर वलवणला एक बाई राहतात.

मी शाळेत भूगोल शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर मँडोलिन घेऊन वलवणला गेले. ताईंनी ते जेवणाच्या टेबलावर जुन्या चादरीवर ठेवायला लावलं. मी इटलीची हकिगत सुरू केली तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आधी मला बघू दे. मग तुमचं ऐकते. आधी ऐकलं की तेच दिसायला लागतं." त्यांनी फळीवर थाप मारली नाही, तारेला बोट लावलं नाही. मागची बाजू बघितली, कडा बघितल्या, भोकात नाक घालून वास घेतला. मग म्हणाल्या, भोकाच्या काठावर लाकडाचा आडवा छेद दिसतो, तिथली केसाएवढी कपची ब्लेडने काढावी लागेल. वाद्य कुणाचं? मी म्हटलं, वडिलांचं. मग त्यांनी ब्लेड परत डबीत ठेवलं.

"मग त्यांना विचारायला हवं. चला, मी येते."

मी फोन करते म्हटलं, तर फोनवर ब्लेड दिसत नाही, म्हणाल्या. हेल्मेट घालून स्कूटरवरून माझ्या मागे मागे आमच्या घरापर्यंत आल्या. बाबांच्या पलंगाशेजारी बसून त्यांनी ते ब्लेड दाखवलं, किती आणि कुठून काढणार ते नखावर दाखवलं. बाबांनी मान हलवली. ताईंनी तिथेच खिडकीपाशी काम केलं. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी गळ्यातून भिंग काढलं आणि पहिल्यांदा बाबांच्या हातात दिलं. उजव्या हातात भिंग, वाद्य मी धरलेलं. लाकडात फिकट आणि गडद अशा रेघा आळीपाळीने असतात, गडद रेघेत नीट बघा, असं त्या सांगत होत्या. पांढरे ठिपके दिसतात का, टाचणीच्या टोकाहून बारीक?

"दिसतात," बाबा म्हणाले.

"त्या राळेच्या नळ्या. देवदारात अशा नसतात, फर नावाच्या झाडातही नसतात. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडात असतात, पण मोठ्या आणि पुष्कळ. म्हणजे हा स्प्रूस आहे."

"इटलीचा," बाबा म्हणाले.

"असेल बापडं," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, आता बाबा भिंतीकडे वळणार. पण ते म्हणाले, "बापडं म्हणजे काय? सांगा की नीट." तेव्हा ताईंनी खुर्ची पुढे ओढली आणि समजावलं. स्प्रूसच्या कितीतरी जाती. लाकूड स्प्रूसचं आहे एवढं भिंगाखाली कळतं. कुठल्या स्प्रूसचं, ते सूक्ष्मदर्शकाखालीही बहुतेक वेळा कळत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा सिटका जरा गुलाबीसर असतो, एंगलमन पांढरट, युरोपातला साईच्या रंगाचा, तांबडा स्प्रूस ठळक रेघांचा. हे सगळं कोऱ्या लाकडाचं. त्यावर रोगण चढलं, त्याला वर्षानुवर्षं ऊन लागलं, की सगळे मधाच्या रंगाचे होतात. मँडोलिन उघडेल तेव्हा आतली कोरी बाजू दिसेल, तेव्हा बघू.

त्यानंतर मी वलवणला पुन्हापुन्हा जायला लागले. कारण मँडोलिनचं असायचं, पण मला तिथे बसायला आवडायचं. एका रविवारी खंडाळ्याच्या एका बंगल्याचे मालक आलेले होते. मुंबईचे गृहस्थ, वाद्यं जमवायची हौस, आणि खरंच उत्तम वाजवायचे. त्यांच्या अमेरिकन मँडोलिनची फळी तांबड्या स्प्रूसची की सिटकाची, यावरून मित्रांत पैज लागल्यासारखी चुरस होती आणि ताईंचा निकाल ते घेऊन जाणार होते. ताईंनी नेहमीच्या शांतपणे सगळं बघितलं आणि स्प्रूस आहे, म्हणाल्या. ते म्हणाले, ते तर मलाही माहीत होतं.

"मला नव्हतं. आता झालं," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, की रंग दिलेल्या भिंतीवरून विटा कुठल्या भट्टीतल्या ते तुम्ही विचारताय. गृहस्थ हसले, पण सोडेनात. निदान अंदाज तरी सांगा, म्हणाले. ताई म्हणाल्या, "अंदाज माझ्या घरी राहू दे. तुम्ही तो खंडाळ्याला नेलात की वाटेतच त्याचा निकाल होईल." ते जरा रागावूनच गेले. पण पुढच्या महिन्यात परत आले, निकाल मागायला नाही, नुसतेच. व्हरांड्यात बसून त्यांनी सुंदर काहीतरी वाजवलं, थोडं थांबून दुसरं वाजवलं, मग तिसरं. ताई मान डोलवत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "छान. पण तेच तेच तीनदा का वाजवलंत?"

कारण ताईंना सुरातलं काही म्हणजे काहीही कळत नव्हतं. आरतीची चाल आणि राष्ट्रगीताची चाल यातला फरक त्या शब्दांवरून ओळखत. याची त्यांना लाज नव्हती, उलट जरा कुतूहल होतं. लोकांना त्यात नेमकं काय ऐकू येतं, असं त्या मला विचारायच्या आणि मी सांगायला लागले की फार लक्ष देऊन ऐकायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, नाही बाई.

मेस्त्रींनी मँडोलिनची पाठ सोडवली त्या दिवशी आम्ही दोघी तळेगावला गेलो. आतली फळी कोरी होती, धुळीने काळवंडलेली. ताईंनी एक कोपरा हलकेच घासला, उन्हात धरला, आपल्या दोऱ्यातले नमुने एकेक करून शेजारी धरले. पण त्यांचा जास्त वेळ बाकीच्या भागांवर गेला. पाठ आणि कडा तूनच्या लाकडाच्या, आपल्याकडे सतारीला वापरतात त्या; हे त्यांनी लगेच "आहे" म्हणून सांगितलं. मान तूनचीच. मानेवरची बोटं दाबायची पट्टी शिसवीची. आतल्या आधाराच्या पट्ट्या देवदाराच्या. त्या मेस्त्रींना म्हणाल्या, ज्या माणसाने बाकी सगळं इथलं लाकूड वापरलं तो एवढीच फळी इटलीहून मागवेल का? मेस्त्री म्हणाले, मी तर नसती मागवली. ताई म्हणाल्या, हिमालयातही स्प्रूस होतो, तिकडे त्याला राई म्हणतात. ही राई असावी.

परतीच्या लोकलमध्ये मी त्यांना विचारलं, की हे बाबांना सांगायलाच हवं का. खात्री तर नाहीच. मग इटली राहू दे ना. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, त्यांनी मला विचारलं नाही तर मी सांगणार नाही. विचारलं तर मला जे वाटतं ते सांगेन. आजारी माणसाला खोटं सांगायला सगळेच असतात, त्याला खरं सांगणारं एक तरी माणूस लागतं.

बाबांनी अर्थातच विचारलं. दारातच. "काय, कुठला?"

"सांगता येत नाही," ताई म्हणाल्या. "पण माझा कल विचाराल तर हिमालयाकडे आहे, तिकडच्या राईकडे." आणि तून, शिसव, देवदार सगळं त्यांनी ओळीने सांगितलं.

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ताई गेल्यावर मला म्हणाले, त्या बाई पुन्हा नकोत. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हाही तसेच पडलेले. आयुष्यभर लोकांना खोटं सांगत आलो, एवढं एकच वाक्य दिवसभरात बोलले होते, तेही कामाला येणाऱ्या मावशींशी. मी मनातून ताईंवर रागावले होते, हे सांगायला हवं. काय बिघडलं असतं, असं वाटत होतं.

त्यानंतर एका सकाळी मी चहा देत असताना बाबांनी मला विचारलं, "ती राई कुठं होते म्हणाल्या त्या बाई?" मी शाळेचा नकाशा उघडून पलंगावर पसरला. हिमाचल, शिमल्याच्या पुढचा भाग बोटाने दाखवला. बाबा नकाशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, पास काढून आम्ही तिथे गेलो होतो, तू पोटात होतीस. तुझी आई एका उंच झाडाखाली बाकावर बसली आणि उठायलाच तयार नव्हती. म्हणाली, इथे किती छान वास येतो, जरा बसू द्या ना. आमची बस चुकली होती.

ही गोष्ट मी कधी ऐकलेली नव्हती.

"त्या बाईंना बोलव," बाबा म्हणाले. "ते झाड राईचं होतं का विचारायचंय."

ताई आल्या. बाबांनी झाडाचं वर्णन केलं, ताईंनी फांद्या खाली झुकलेल्या होत्या का, शंकू, म्हणजे त्याची खवल्याखवल्यांची फळं, लोंबती होती की उभी, असं खोदून खोदून विचारलं. शंकू तर खाली बाकावरच पडले होते, आईने दोन पिशवीत घातले होते. देवदाराचे शंकू सहसा झाडावरच सुटे होतात, ताई म्हणाल्या. अख्खे पडलेले असतील तर राई असावी. त्यांनी "असावी" म्हटलं आणि बाबा असे हसले, की जणू शिक्का मिळाला.

आता राई शोधायची होती, मावळात. मेस्त्रींना ठिगळांपुरती आणि एका पट्टीपुरती जुनी राई हवी होती. ताईंच्या डोक्यात सफरचंदाच्या पेट्या आल्या. आता सफरचंदं पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतात, पण पूर्वी हिमालयातल्याच हलक्या लाकडाच्या पेट्यांतून यायची. अशा जुन्या पेट्या कुणाकडे असतील याची त्यांनी वलवणभर चौकशी केली आणि बबन आबांचं नाव पुढे आलं. आबांची थोडी भातशेती, आणि तरुणपणी लोणावळ्याच्या बाजारात फळांच्या गाड्या उतरवायचं काम केलेलं. पेट्या होत्या, पण त्यांचं कोंबड्यांचं खुराडं झालेलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा आबा अंगणात भारा बांधत होते. ताईंनी येण्याचं कारण सांगितलं. आबांनी आधी आमच्याकडे, मग खुराड्याकडे बघितलं.

"बाई, त्या फळ्यांचं वाजप करनार तुमी?"

"वाजप मेस्त्री करतील. मी फक्त बघणार."

"बगा की. पर कोंबडी बसलीया अंड्यावर. ती लय रागीट हाय, हात घालू नगा."

ताई खुराड्यासमोर जमिनीवर बसल्या, नव्हे, जवळजवळ आडव्या झाल्या. एकेका फळीचं टोक ब्लेडने साफ करायचं, भिंग लावायचं, पुढे जायचं. फर. फर. चीड. परत फर. कोंबडी त्यांच्या कानाशी गुरगुरत होती. आबा माझ्याशेजारी उकिडवे बसून बघत होते आणि म्हणाले, आमी ह्या पेट्या उचलून खांदं सोलून घेतलं, पर आत काय बगायचं असतं हे कुनाला ठावं. ताईंनी त्यांना हाक मारून भिंग दिलं आणि ठिपके दाखवले. आबांना ते चटकन दिसले. त्यानंतर एका बाजूने ताई आणि दुसऱ्या बाजूने आबा असे दोघे खुराडं तपासायला लागले. ज्या फळीत बारीक ठिपके निघाले ती नेमकी रागीट कोंबडीच्या पाठीमागची होती.

"हितं हायती बगा," आबा म्हणाले.

ताईंनी बघितलं. रेघा सरळ, जवळजवळ, गाठ नाही. "आहे," म्हणाल्या. "आबा, स्प्रूस आहे."

कोंबडीची पिल्लं बाहेर पडेपर्यंत आबांनी फळी काढू दिली नाही आणि ताईंनीही घाई केली नाही. मग मी प्लायवूडचा तुकडा घेऊन गेले, आबांनी तो खुराड्याला ठोकला आणि ती फळी धुऊन, वाळवून, फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. तुमच्या वडलांनी वाजवलं की सांगा, आमी येऊ, असं म्हणाले. आणि खरंच आले.

मेस्त्रींनी काम मन लावून केलं. मँडोलिन घरी आलं, तारा चढल्या. पण बाबा वाजवेनात. मी खोलीत असले की ते वाद्य मांडीवर घेऊन नुसते बसायचे. त्यांची बोटं तारेवर नीट दाबली जात नव्हती, सूर खरखरत होता, आणि तो मी ऐकलेला त्यांना सोसत नव्हता. ज्या माणसाची वाहवा सगळ्या हॉलने केली त्याला आता साधी सरगमही जमत नाही, हे त्यांना कुणाच्याही समोर दाखवायचं नव्हतं. मी बाहेर गेले तरी शेजारी आहेत, मावशी आहेत. मी हे ताईंजवळ बोलले. त्यांनी थोडा विचार केला.

गुरुवारी दुपारी त्या आल्या, बाबांच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर वाजवा. मला चुकलेलं कळत नाही."

बाबांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी मुद्दाम दोन-तीन बेसूर तारा छेडल्या आणि ताईंचा चेहरा बघितला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांनी मला खोलीचं दार लावायला सांगितलं.

त्या दिवसापासून दर गुरुवारी ताई यायच्या. दार लावलेलं असायचं. मी स्वयंपाकघरात वह्या तपासत बसायचे. आतून आधी नुसती खरखर ऐकू यायची, एकच सूर पुन्हापुन्हा, मध्येच बाबांचं वैतागणं, मग शांतता, मग ताईंचा आवाज, त्या कुठल्यातरी झाडाबद्दल सांगत असायच्या, मग परत तोच सूर. पुढे पुढे दोन सूर जुळायला लागले. बाबांची करंगळी सगळ्यात शेवटी हलली. ती हलली तेव्हा त्यांनी ताईंना सांगितलं, मला नाही. व्यायामवाली मुलगी हात तपासून चकित व्हायची आणि मी तिला खुराड्याची गोष्ट सांगायचे, तिला वाटायचं मी गंमत करते.

एका गुरुवारी आतून एक अख्खी ओळ आली. चुका होत्या, पण ओळ होती, आईला आवडणारं जुनं भावगीत. मी वही मिटली. ओळ संपल्यावर ताई म्हणाल्या, "हे वेगळं होतं का?"

बाबा म्हणाले, "हो."

"मला वाटलंच. तुमचा चेहरा वेगळा होता."

बाबा आता वाजवतात. पूर्वीसारखं नाही, पण रोज वाजवतात, दार उघडं ठेवून. आबा भाताची कामं उरकली की येतात आणि आपल्या फळीचा आवाज कुठला ते विचारतात. कुणी मँडोलिनबद्दल विचारलं तर बाबा सांगतात, वरची फळी राईची असावी. मग शिमल्याच्या बसची गोष्ट सांगतात. ज्या आईला मी त्या गोष्टीआधी फक्त आजारपणात आणि स्वयंपाकघरात आठवत होते, ती आता मला एका बाकावर बसलेली दिसते आणि बस चुकवते. ही आई मला कुमुदताईंनी दिली, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. मी एकदा त्यांचे आभार मानायचा प्रयत्न केला होता. त्या म्हणाल्या, अहो, मी फक्त बघितलं.

गेल्या हिवाळ्यात झोपेतच त्या गेल्या. भाची नाशिकहून आली, तिने नमुने त्यांच्या जुन्या कॉलेजला दिले. ज्या दिवशी मी त्यांना शेवटचं पाहिलं तो त्याआधीचा एक साधा दिवस होता. शाळेची सहल खंडाळ्याला गेली होती, परत येताना आमची बस अडकली. वाऱ्याने एक जुनं जांभळाचं झाड रस्त्यावर आडवं झालं होतं आणि कामगार ते कापून बाजूला करत होते. अर्धं काम झालं होतं, जेवणाची सुट्टी होती. बस मुंगीच्या पावलाने पुढे सरकली तेव्हा त्या दिसल्या. स्कूटर कडेला लावलेली, आणि त्या आडव्या पडलेल्या बुंध्यावर चढून, पाय खाली सोडून बसलेल्या. दोन्ही बाजूंना कामगार. कुणाच्यातरी डब्यातली अर्धी भाकरी त्यांच्या हातात होती, वर मिरचीचा ठेचा. साडीला भुसा लागला होता. त्या काहीतरी विचारत होत्या आणि एक पोरगेलासा कामगार हातवारे करून सांगत होता, झाड कुठून मोडलं, कसं पडलं.

मी खिडकी सरकवली. हाक मारणार होते. पण त्यांनी भाकरीचा घास तोंडात घातला आणि त्या पोराचं ऐकताना इतक्या रंगून गेल्या, की मी हाक गिळली. बस पुढे निघाली. मुली मागे वळून बघत होत्या, त्यांतली एक म्हणाली, मॅडम, त्या आजी झाडावर का बसल्यात?

"त्यांना जेवायला बोलावलंय," मी म्हटलं.